ईको ‘पाणी खाते’ तेव्हा: जुन्या व्हॅनमधली कूलंटची गळती शोधणं आणि बंद करणं

दर चार दिवसांनी लिटरभर पाणी ओतायचं आणि गाडी पळवायची, हे जुन्या ईकोंच्या बाबतीत इतकं अंगवळणी पडलंय की कित्येक मालकांना तो बिघाडच वाटत नाही. पाण्याची बाटली मागच्या सीटखाली कायमची ठेवलेली असते. व्हॅन शाळेची मुलं नेणारी असो, आठवडी बाजाराला भाजी वाहणारी असो, नाहीतर गावाहून तालुक्याला माणसं सोडणारी असो, “थोडं पाणी खाते, बाकी गाडीला काही नाही” हे उत्तर ठरलेलं. पण इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा चहूबाजूंनी बंदिस्त असते. त्यातलं पाणी किंवा कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) खाल्लं जात नाही, संपत नाही. पातळी उतरत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडतंय, आणि आज थेंबाने पडतंय ते उद्या धारेने पडणार.

नव्याने गाडीचं काम शिकणाऱ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गळती नेमकी कुठून होते ते आधी डोळ्यांनी पाहा, मगच पाना उचला. अंदाजाने रेडिएटर बदलला, तरी पाणी जातंय म्हणून पंप बदलला आणि शेवटी एक क्लिप सैल निघाली, असं सर्रास घडतं.

ईकोची रचना आधी समजून घ्या

ईको बाजारात आली जानेवारी 2010 मध्ये. 1196 सीसीचं चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, तेही पुढच्या सीटखाली. रेडिएटर मात्र गाडीच्या नाकात. म्हणजे कूलंट नेणारे-आणणारे पाईप गाडीच्या पोटाखालून लांबवर जातात. जुन्या 796 सीसी ओम्नीचीही मांडणी अशीच होती, त्यामुळे इथलं बरंचसं तिलाही लागू पडतं. नोव्हेंबर 2022 नंतरच्या ईकोत इंजिन वेगळं आहे. शोधायची पद्धत तीच, पण सुटे भाग मागताना गाडीचं वर्ष सांगायला विसरू नका.

या मांडणीमुळे जोड जास्त आणि पाईप लांब, त्यात ते चिखल, खडी आणि पावसाच्या माऱ्यात. कोकणात खारी हवा त्यात भर घालते. शिवाय गळालेलं कूलंट पाईपवरून ओघळत जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. जमिनीवर डाग दिसतो तिथेच वर गळती असेल, असं या गाडीत समजू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन तुमच्या सीटखाली आहे. होज (रबरी पाईप) फुटला की वाफ थेट केबिनमध्ये, चालकाच्या मांड्यांपाशी येते.

हात लावण्याआधी

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय रेडिएटरची टोपी उघडायची नाही. प्रेशर कुकरची शिट्टी जे काम करते तेच ही टोपी करते: आत दाब धरून ठेवते. ईकोसारख्या गाड्यांच्या टोपीवर बहुधा 0.9 असा आकडा (दाब, बारमध्ये) छापलेला असतो. तेवढ्या दाबाखाली साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 118-119 अंशांच्या आसपास उकळतं. गरम असताना टोपी फिरवली की दाब एकदम जातो, आतलं पाणी त्याच क्षणी उकळून उसळतं आणि तोंड-हात भाजतात. गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी काम करा. घाई असेल तरी वरचा होज हाताला गार लागेपर्यंत थांबा.

किल्ली काढून ठेवा; रेडिएटरचा विजेचा पंखा कधीही फिरू लागतो. गाडीखाली जायचं असेल तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. सपाट, टणक जागा, चाकांना ठोकळे आणि जॅकच्या जोडीला मजबूत स्टँड हवेतच. आणखी एक: कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, आणि ते चवीला गोड असतं. अंगणात सांडलेलं कुत्रं चाटतं, लहान मूल बोट लावतं. खाली तसराळं ठेवूनच काम करा.

गळतंय ते कूलंटच आहे ना?

एप्रिल-मे महिन्यात घाबरून गाडी आणणाऱ्यांपैकी कित्येकांच्या गाडीखाली एसीचं पाणी असतं. ते स्वच्छ असतं, वास नसतो, बोटांना चिकट लागत नाही आणि एसी बंद केला की थांबतं. कूलंट बोटांत चोळलं तर किंचित तेलकट-चिकट लागतं, वास गोडसर येतो आणि रंग हिरवा, गुलाबी किंवा निळा असतो. मालकाने वर्षानुवर्षं साधं पाणीच घातलं असेल तर रंग राहिलेला नसतो. मग गंजाचा तांबूस रंग किंवा क्षारांची पांढरी पुटं शोधायची.

गळती असल्याच्या खुणा गाडी आधीपासून देत असते. रिझर्व्ह बाटलीची (जादा कूलंट साठवणाऱ्या बाटलीची) पातळी उतरते. घाटात किंवा ट्रॅफिकमध्ये तापमानाचा काटा वर सरकतो. गाडी बंद केल्यावर सीटखालून गोड वाफेचा वास येतो. पण काट्यावर पूर्ण भरवसा ठेवू नका. सेन्सरला कूलंटचा स्पर्श लागतो. कूलंट फार कमी झालं की सेन्सर हवेत उघडा पडतो आणि इंजिन करपत असताना काटा शांत दिसू शकतो.

सीएनजीवरच्या ईकोत आणखी एक खूण असते आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. सिलिंडरमध्ये गॅस सुमारे 200 बार दाबाने भरलेला असतो. रिड्यूसरमध्ये तो दाब एकदम उतरतो, तेव्हा गॅस प्रचंड थंड होतो. रिड्यूसर गोठू नये म्हणून त्यातून इंजिनचं गरम कूलंट फिरवलेलं असतं. कूलंट कमी झालं किंवा त्यात हवा अडकली की रिड्यूसर गारठतो, त्यावर दव आणि कधी बर्फही धरतो, आणि गाडी सीएनजीवर झटके खाते, पेट्रोलवर मात्र नीट पळते. अशा गाडीचे प्लग बदलले जातात, गॅसचं ट्यूनिंग होतं, इंजेक्टर धुतले जातात. आधी कूलंटची पातळी पाहिली असती तर हा सगळा खर्च वाचला असता.

आता शोध

पहिलं काम म्हणजे गार इंजिनवर पातळी पूर्ण भरणं. टोपी आणि बाटली कुठे आहेत ते गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या. बाटलीवर त्या दिवशीच्या पातळीची मार्करने रेघ ओढा.

दुसरं, इंजिन स्वच्छ करा. जुन्या ईकोवर तेल आणि धुळीचा थर इतका असतो की त्यात गळती दिसणार कशी? ब्रश आणि फडक्याने जोड पुसून घ्या. प्रेशरने धुवायचं असेल तर वायरिंग आणि प्लगपासून फवारा लांब ठेवा. मग रात्री गाडीखाली पुठ्ठा पसरून ठेवा. सकाळी डाग कुठे पडला ते दिसतं: नाकाखाली, मधल्या पाईपखाली की सीटखाली. एवढ्यानेच शोधायची जागा तिसऱ्या हिश्शावर येते.

तरी सापडलं नाही तर प्रेशर टेस्टर. टोपीच्या जागी बसणारा, हाताने मारायचा पंप आणि त्यावर मीटर, एवढंच हे हत्यार. बऱ्याच गॅरेजमध्ये असतं, पण मागितल्याशिवाय काढत नाहीत. गार इंजिनवर टोपीवर छापलेल्या आकड्याएवढा दाब द्या, त्यापेक्षा जास्त अजिबात नाही. जुन्या रेडिएटरची प्लास्टिकची टाकी जास्त दाबाने तडकते. मग पंधरा मिनिटं काट्याकडे पाहा. काटा उतरतोय म्हणजे गळती आहे, आणि इंजिन गार व बंद असल्यामुळे ती शांतपणे शोधता येते.

टॉर्च आणि कोरडा टिश्यू पेपर घेऊन एकेक जोड तपासा. होजच्या तोंडाशी कागद गुंडाळून धरा. ओल आली की कागदाचा रंग लगेच बदलतो. रेडिएटरची जाळी अॅल्युमिनियमची आणि टाकी प्लास्टिकची असते, ती दोन्ही जिथे दुमडून जोडलेली असतात ती रेघ पूर्ण फिरून पाहा. जुन्या गाडीत गळती इथे हमखास सापडते. थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापेपर्यंत कूलंटची वाट अडवणाऱ्या झडपेच्या) घराचं पॅकिंग, बायपासचा आखूड होज आणि सीएनजी रिड्यूसरकडे जाणारे बारीक होज पाहा. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाडीत ‘टी’ (तीन तोंडांचा जोड) टाकून पाईप फोडलेला असतो, तो टी-जोड तर आधी पाहा.

वॉटर पंपाच्या पोटाशी एक लहानसं भोक असतं. पंपाचं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न जाता या भोकातून बाहेर पडावं, म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून खाली ओघळलेली, वाळून खडूसारखी झालेली रेघ दिसली की पंपाचे दिवस भरले. हे भोक एम-सीलने बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. असं कधीच करू नका. पाणी मग बेअरिंगमध्ये जातं, पंप अडकतो, बेल्ट तुटतो.

शेवटी इंजिनच्या ब्लॉकच्या (मुख्य सांगाड्याच्या) अंगावरची पत्र्याची गोल बुचं पाहा. नुसतं पाणी घातलेल्या इंजिनात ती आतून गंजतात आणि टाचणीएवढं भोक पडतं.

कुठेच ओल नाही आणि तरी पातळी उतरते? मग टोपी तपासा. टोपीचं रबर कडक झालं किंवा स्प्रिंग सैल झाली की ती दाब धरत नाही; कूलंट लवकर उकळतं आणि बाटलीतून बाहेर पडतं. महाबळेश्वरसारख्या 1,350 मीटर उंचीच्या ठिकाणी उघडं पाणी 95-96 अंशांनाच उकळतं. टोपी मेलेली असेल तर घाट चढताना गाडी का तापते ते यावरून कळेल. नवी टोपी त्याच आकड्याची घ्या. जास्त दाबाची टोपी बसवली म्हणजे जास्त चांगलं, असं नसतं.

होज बदलताना

नवशिक्याच्या हाताने पहिली दुरुस्ती होते ती बहुधा होजची, म्हणून तिच्यावर जरा थांबू.

खालचा होज किंवा रेडिएटरचा बूच काढून कूलंट तसराळ्यात उतरवा. जुना होज तोंडावर चिकटून बसलेला असतो. तो स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटायचा मोह होतो. प्लास्टिकचं तोंड तिथेच मोडतं आणि होजचं काम रेडिएटरचं होऊन बसतं. त्यापेक्षा ब्लेडने होजला लांबीच्या दिशेने चीर द्या, तोंडाला ओरखडा पडणार नाही इतपतच खोल, आणि सालीसारखा सोलून काढा. मग तोंड बारीक पॉलिश पेपरने घासा. तिथे पांढरा क्षार किंवा गंजाचा खड्डा राहिला तर नवा होजही गळणार. खड्डा खोल असेल तर तो धातूचा पाईपच बदलावा लागतो.

नवा होज बसवण्याआधी क्लिप त्यात ओवून ठेवा, ही गोष्ट हमखास विसरते. तोंडाला ग्रीस किंवा तेल लावू नका, रबर फुगतं. कूलंटचा ओला हात पुरे. पाईपच्या तोंडाला एक उंचवटा असतो. क्लिप त्या उंचवट्याच्या मागे बसायला हवी, त्याच्यावर किंवा पुढे नाही. स्क्रूची क्लिप असेल तर रबर कडेला किंचित फुगेपर्यंत आवळा. पट्टीच्या खाचांमधून रबर बाहेर येऊ लागलं म्हणजे जास्त झालं. कंपनीच्या स्प्रिंग क्लिपा सुस्थितीत असतील तर त्याच परत लावा. होज तापला की फुगतो, गार झाला की आकुंचन पावतो, स्प्रिंग त्याच्याबरोबर घट्ट होत राहते.

एक होज कुजला असेल तर त्याच वयाचे बाकीचेही बदला. दाबून पाहा: तडतडणारा, भाकरीसारखा कडक किंवा टोकाशी लिबलिबीत झालेला, दोन्ही टाकाऊ.

बाकीच्या दुरुस्त्या

पंप गळत असेल तर पंपच बदलायचा, सोबत गॅस्केट आणि बेल्ट. टाकीच्या जोडाशी गळणारा रेडिएटर एम-सीलने थोपवण्यात अर्थ नाही, नवा घ्या. थर्मोस्टॅट काढून टाकून गाडी चालवण्याचा सल्ला आजही मिळतो, तो ऐकू नका. इंजिन मग कामाच्या तापमानाला येतच नाही, पेट्रोल जास्त पितं आणि तेल खराब होतं.

सीएनजी रिड्यूसरचे पाण्याचे होज तुम्ही बदलू शकता, आधी सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून. गॅसच्या पाईपला मात्र हात लावायचा नाही. रिड्यूसरच आतून गळत असेल तर गाडी अधिकृत सीएनजी मेकॅनिककडेच न्या.

हळदीबद्दल लोक हटकून विचारतात. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकायची जुनी युक्ती ट्रकवाल्यांमध्ये आहे, आणि बारीक भोक तिने बुजतंही. पण हळद किंवा बाजारातली गळती थांबवणारी पावडर भोक आणि नळी यांच्यात फरक करत नाही. रेडिएटरच्या अरुंद नळ्या आणि रिड्यूसरचे बारीक मार्गही तीच बुजवते. आडरानात अडकलात आणि दुसरा उपाय नसेल तर ठीक. घरी पोचल्यावर यंत्रणा धुऊन काढा आणि खरी दुरुस्ती करा.

हेड गॅस्केटची शंका

बाहेर थेंब नाही, टोपी नवी, तरी कूलंट जातंय. मग हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, फुटून ते इंजिनच्या सिलिंडरमध्ये जळत असू शकतं. गार इंजिन टोपी उघडी ठेवून सुरू करा आणि पाण्यात पाहा. सुरुवातीला थोडी हवा निघणारच, पण बुडबुडे थांबतच नसतील तर सिलिंडरचा वायू पाण्यात येतोय. सुरू केल्यावर दोनच मिनिटांत, इंजिन तापायच्या आधी, वरचा होज दगडासारखा कडक होत असेल तीही तीच खूण. सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर गाडी तापल्यावरही येत राहतो. ऑइलच्या टोपीखाली फेसाळ, दुधी थर दिसला तर घाबरण्याआधी विचार करा: पावसाळ्यात फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही ओलाव्याने असा थर धरतो. डिपस्टिकवरचं तेलही दुधी असेल तर मात्र गाडी सुरूच करू नका.

खात्रीची चाचणी रासायनिक द्रवाची. टोपीच्या तोंडाशी धरलेल्या नळीतल्या निळ्या द्रवातून आतली हवा ओढतात. जळालेला वायू असेल तर द्रव पिवळा होतो. तसं झालं तर काम गॅरेजचं आहे. तिथे नुसतं गॅस्केट बदलू देऊ नका. हेड वाकलंय का ते सरळ पट्टीने तपासायला आणि गरज असेल तर फेसिंग करायला (पृष्ठभाग घासून सपाट करायला) सांगा. नाहीतर थोड्याच महिन्यांत तेच काम पुन्हा काढावं लागतं.

भरणं आणि हवा काढणं

बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या बहुतेक बोअरना क्षार असतात. केटलीत जे पुट धरतं तेच रेडिएटरच्या नळ्यांत धरतं. कॉन्सन्ट्रेट कूलंट घेतलं तर ते आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. बाटलीवर ‘रेडी मिक्स’ लिहिलं असेल तर त्यात पाणी मिसळायचं नाही. रंगावरून कूलंट निवडू नका, कारण रंगाला सगळ्या कंपन्यांत एक नियम नाही. पुस्तिकेत सांगितलेला प्रकार घ्या आणि जुनं काय आहे ते माहीत नसेल तर आधी डिस्टिल्ड वॉटरने यंत्रणा धुऊन काढा. आपल्याकडे थंडीने पाणी गोठत नाही, मग कूलंट कशाला, असं वाटतं. कूलंट गंज थांबवतं आणि पंपाचं सील राखतं; महाराष्ट्रात ते घालायचं मुख्य कारण तेच आहे.

ईकोत घाई अंगाशी येते ती इथे. लांब पाईपांत हवा अडकते आणि दुरुस्ती नीट होऊनही गाडी तापते. भरायचं तोंड सगळ्यात उंच राहील अशी गाडी उतारावर उभी करा. चाकांना ठोकळे लावा. हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर ठेवा. हळूहळू भरा, मध्ये मध्ये होज दाबून बुडबुडे बाहेर काढा. पातळी थांबली की इंजिन सुरू करून संथ चालू द्या आणि उतरेल तसं भरत राहा. बुडबुडे बंद झाले की पाणी उसळायच्या आत टोपी लावा. मग पंखा दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत गाडी चालू ठेवा आणि काट्यावर नजर असू द्या. दोन्ही मोठे होज गरम लागायला हवेत, सीएनजी असेल तर रिड्यूसरही. एक होज गरम आणि दुसरा गार राहिला तर हवा अजून आत आहे किंवा थर्मोस्टॅट उघडत नाही. पूर्ण गार झाल्यावर टोपी उघडून उरलेली जागा भरा आणि बाटलीत दोन खुणांच्या मध्ये पातळी ठेवा.

पुढचे काही दिवस सकाळी गाडी काढण्याआधी बाटलीवरची रेघ पाहा. पहिल्या एक-दोन दिवसांत उरलीसुरली हवा निघून पातळी थोडी उतरते, ती भरून घ्या. त्यानंतर ती स्थिर राहायला हवी. आठवड्याभराने गार इंजिनवर स्क्रूच्या क्लिपा एकदा पुन्हा आवळा. नवं रबर बसताना थोडं दबतं. काढलेलं जुनं कूलंट कॅनमध्ये भरा, त्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहा, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि टाकाऊ तेल-कूलंट घेणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. ते गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर ओतू नका.